गणपतीच्या आत आकडा चढवायचा होता

"एक पूर्णांक सहा!" डॉ. लिमयांनी रिपोर्ट आमच्या खिडकीतून आत सरकवला. "मॅडम, या माणसाचा डोस मी दोनदा वाढवलाय. तुम्ही गोळ्या देताय की खडीसाखर?"

डॉक्टर स्वतः जिना उतरून फार्मसीच्या खिडकीशी आले की समजायचं, काहीतरी बिनसलंय. एरवी ते वॉर्डबॉयला पाठवतात आणि वॉर्डबॉय वाटेत चहा पिऊन येतो. मी रिपोर्ट वाचला. नाव गंगाराम धनावडे. आकडा खरोखरच एक पूर्णांक सहा.

"गोळ्याच देतोय, सर," मी म्हटलं. "खडीसाखर आपण स्टॉकला ठेवत नाही."

डॉक्टर हसले नाहीत. एरवी माझ्या असल्या उत्तरांना ते हसतात.

गंगारामदादा आमचे वर्षभराचे पेशंट. लांज्याच्या वाटेवर आत एक गाव आहे, तिथे त्यांची थोडी भातशेती. मागच्या वर्षी मुंबईला त्यांच्या हृदयात धातूची झडप बसवली. अशी झडप बसली की रक्ताला ती परकी वाटते आणि ते तिच्याभोवती गुठळी करायला बघतं. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची. रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा जो आकडा, त्याला आय.एन.आर. म्हणतात. तुमचाआमचा एकच्या आसपास असतो. गंगारामदादांचा अडीच ते साडेतीनमध्ये हवा. वर गेला तर रक्तस्रावाची भीती. खाली आला तर गुठळीची, आणि गुठळी झडपेत अडकली किंवा सुटून मेंदूत गेली तर मग विचारायलाच नको.

वर्षभर दादांचा आकडा शहाण्या मुलासारखा जागेवर बसला होता. गेल्या काही आठवड्यांत तो घसरायला लागला. डॉक्टरांनी डोस वाढवला, तरी घसरला. पुन्हा वाढवला, तरी हा असा. शेवटी दादांना आमच्याच जनरल वॉर्डात दाखल करून घेतलं आणि तोवर गुठळी होऊ नये म्हणून पोटात सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन सुरू केलं.

"सोमवारचा रिपोर्ट बघतो," डॉक्टर म्हणाले. "आकडा चढला नाही तर मुंबईला पाठवणार. जिथे झडप बसवली तिथेच. मी इथे धोका पत्करणार नाही."

त्यांचं चुकत नव्हतं. पण गणपती तोंडावर आले होते.

रत्नागिरी जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला या वाक्याचं वजन कळायचं नाही. आमच्याकडे माणूस वर्षभर कुठेही राहो, गणपतीत तो गावात असतो. गंगारामदादा तर वाडीच्या जाखडीचे मृदंगवाले. जाखडी म्हणजे गणपतीत घरोघर होणारा नाच. मधोमध मृदंगवाला आणि गाणारे बसतात, भोवती पायात चाळ बांधलेली पोरं गोल धरून नाचतात. मागच्या वर्षी दादा झडपेपायी मुंबईच्या हॉस्पिटलात होते, तेव्हा वाडीने मृदंगाशिवाय नुसत्या टाळांवर भागवलं. त्याची शरम दादांना आजाराहून जास्त लागली होती.

वॉर्डात त्यांना मुंबईचं कळलं तेव्हा मी तिथेच होते. ते उठून बसले.

"मॅडम, माझा पोरगा मुंबयसून गावाला येनार, भावाची पोरं येनार, सगळी वाडी येनार. आनि मी एकटा उलटा मुंबयला जानार? वाटंत गाड्या समोरासमोर येतील. मी त्येंना काय, हात दावू?"

शेजारच्या कॉटवरचा पेशंटसुद्धा हसला. दादांची बायको, सुलोचनावहिनी, मात्र हसली नाही. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटत होतं माझ्याकडे काहीतरी उपाय असेल. माझ्याकडे नव्हता.

उपाय असलाच तर तो मुग्धाकडे होता, पण मुग्धाला कोणी विचारत नव्हतं.

हे जरा समजावून सांगते. लोकांना वाटतं फार्मसी शिकलेला माणूस म्हणजे मेडिकलच्या दुकानात बसणारा. आमच्या हॉस्पिटलच्या खिडकीमागे आम्ही तिघं बसायचो आणि तिघांचं शिक्षण तीन तऱ्हेचं. काउंटरवरचा प्रमोद डी.फार्म., म्हणजे बारावीनंतर दोन वर्षांचा डिप्लोमा. औषधाचं दुकान चालवायचं तर नोंदणी झालेला फार्मसिस्ट लागतोच, आणि तेवढ्यासाठी डिप्लोमा पुरतो. पुढे शिकायचं असेल तर अशा मुलांना बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. मी प्रमोदला हे दर उन्हाळ्यात सांगते. तो दर उन्हाळ्यात "बघू मॅडम" म्हणतो.

मी स्वतः बी.फार्म., म्हणजे चार वर्षं, आणि त्यावर एम.फार्म.ची दोन. लग्नाआधी एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये होते. तिथे गोळी माझ्या हातून पास झाल्याशिवाय बाहेर जायची नाही. ती गोळी कोण खातं, कशाबरोबर खातं, याच्याशी माझा काही संबंध नव्हता. माझ्या वर्गातली बाकीची मंडळी कुठे कुठे गेली. कोणी औषध निरीक्षक झाला, कोणी कॉलेजात शिकवतो, एक मैत्रीण परदेशी कंपन्यांसाठी परवानग्यांची कागदपत्रं तयार करते आणि घरबसल्या माझ्या दुप्पट मिळवते. मी हॉस्पिटलच्या खरेदीत आले. माझं काम औषध मागवणं, साठवणं, मुदत संपण्याआधी संपवणं.

आणि मुग्धा फार्म.डी. सहा वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातलं शेवटचं वर्ष सबंध हॉस्पिटलात. ही माणसं गोळी बनवायला किंवा विकायला शिकत नाहीत, गोळी पेशंटच्या अंगात गेल्यावर काय होतं ते बघायला शिकतात. मुग्धा शहरातलीच, शिक्षकांची मुलगी. पुण्याला शिकून परत घरी आली. मी डॉक्टरांच्या मागे लागून तिला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतली होती.

"औषध मागवायला तुम्ही आहात, द्यायला प्रमोद आहे," डॉक्टर तेव्हा म्हणाले होते. "ही नेमकं करणार काय?"

"बघेल, सर."

"बघण्यासाठी पगार?"

तीन महिने संपत आले होते. तोपर्यंत मुग्धाने काय काय बघितलं होतं ते मलाच माहीत होतं. दोन औषधं एकमेकांच्या उरावर बसतायत असं तिने कितीदा तरी मला सांगितलं, मी ते डॉक्टरांना सांगितलं, आणि डॉक्टरांना ते माझं डोकं वाटलं. यावेळी मी तिला म्हटलं, "हा पेशंट तुझा. डॉक्टरांशीसुद्धा तूच बोलायचंस."

ती लगेच कामाला लागली. वही-पेन घेऊन नाही. आधी जाऊन दादांच्या कॉटवर बसली आणि मृदंगाच्या पुडीवर लावायच्या काळ्या शाईत काय काय घालतात ते विचारून घेतलं. मला वाटलं पोरगी वेळ घालवतेय. पण ती उठली तेव्हा दादा तिला "बाय माझी" म्हणत होते.

पहिला संशय नेहमीचा. पेशंट गोळी विसरतो. पण सुलोचनावहिनी दादांच्या तोंडात गोळी घालून वर पाणी पाजून, जीभ बाहेर काढायला लावून बघणारी बाई. "लहान पोरासारखी आ करायला लावती," दादा म्हणाले. रिकाम्या पाकिटांची पुरचुंडीही तिने जपून ठेवली होती. हिशेब चोख जुळला.

दुसरा संशय गोळीवर. कंपनी बदलली की कधी कधी असर थोडा बदलतो. यावर प्रमोद तापला. "मॅडम, ह्या गोळीची कंपनी मी बदलीन? झडपेच्या पेशंटची? मला काय येड लागलंय?" बॅच तपासली. त्याच बॅचच्या गोळ्या आणखी दोघांना चालू होत्या आणि त्यांचे आकडे जागेवर होते. प्रमोद त्यानंतर दिवसभर माझ्याशी तुटक बोलला.

तिसरा संशय, दुसरं कुठलं औषध. गावात कोणी काढा दिला? कोणी चूर्ण? कुणाच्या सांगण्यावरून मुळी? वहिनीने कानाला हात लावला. "डाक्टरांनी सांगितल्याबिगर ह्येंच्या तोंडात तुळशीचं पान पन घालीत नाय."

चौथा संशय लॅबवर. मुग्धाने नमुना दुसरीकडे पाठवला. तिथूनही तोच आकडा आला.

मग तिने सगळे जुने आकडे एका कागदावर मांडले आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याच्याशेजारी ठेवलं.

"मॅडम, बघा ना. आषाढापर्यंत सगळं सरळ. गटारी झाली, त्याच्यापुढच्या आठवड्यापासून उतार."

"गटारीला प्यायले का काय दादा?"

"पीत नाहीत ते. पण गटारीनंतर श्रावण लागतो. म्हणजे घरातलं जेवण बदलतं."

आता मला अंदाज यायला लागला. हिरव्या पालेभाज्यांत के नावाचं जीवनसत्त्व असतं. ही गोळी रक्त पातळ ठेवते ती नेमकं या जीवनसत्त्वाला अडवून. गोळी एका बाजूने ओढते, पाला दुसऱ्या बाजूने. त्यामुळे झडपेच्या प्रत्येक पेशंटला भाज्यांचं पथ्य सांगतात. दादांनाही मुंबईच्या हॉस्पिटलाने छापील कार्ड दिलं होतं. पालक, मेथी, कोबी, ब्रोकोली बेताने खा.

मुग्धाने जाऊन विचारलं. "वहिनी, पालक-मेथी खाता का?"

"नाय गो बाय. कार्डावरचं काय एक खात नाय. ती बोरकोली का काय ती तर आमी डोळ्यानं पन बघितली नाय."

तिने खोटं सांगितलं नव्हतं. मुग्धा हिरमुसून खाली आली. "तेही नाही," म्हणाली. तोवर बुधवारची दुपार झाली होती आणि मला भूक लागली होती. मी म्हटलं, पोटात दोन घास गेल्याशिवाय माझं डोकं चालत नाही, आधी जेवू.

खिडकीमागच्या टेबलावर आम्ही डबे उघडले. तेवढ्यात बाहेरून सुलोचनावहिनी चालली होती, दादांचं जेवण घेऊन. शहरातल्या नणंदेकडे ती उतरली होती आणि तिथून रोज दोन्ही वेळचा डबा करून आणायची. जेवताना समोरून माणूस गेलं तर "या जेवायला" म्हणायचं, हे आमच्या अंगवळणी पडलेलं. मी म्हटलं.

"व्हय, जेवा, जेवा," म्हणत ती खिडकीत थांबली. मग तिचं लक्ष मुग्धाच्या डब्याकडे गेलं आणि चेहरा एकदम खुलला. "आगो, तुज्याकडं पन टाकळा?"

मुग्धाच्या डब्यात टाकळ्याची भाजी होती. माझ्याही डब्यात टाकळाच होता, वर ओलं खोबरं. पावसात बांधावर, रस्त्याकडेला, पडीक जागेत ही पालेभाजी फुकट उगवते. आषाढ-श्रावणात रत्नागिरीत ज्या घरात टाकळा शिजत नाही ते घर बहुतेक भाड्याने दिलेलं असतं.

"आमच्याकडं तर रोजच हाय," वहिनी कौतुकाने सांगत होती.

मुग्धाचा घास हातातच राहिला. तिने डबा बाजूला सारला, हात धुतले आणि वहिनीला आत बोलावून खुर्ची दिली. आणि मग तिने जो प्रश्न विचारला तो मी इतकी वर्षं या धंद्यात असून कधी विचारला नव्हता.

"वहिनी, गावाला असताना गेल्या आठवड्यात दादा काय काय जेवले? सकाळपासून सांगा. मी काही विचारत नाही, तुम्हीच सांगा."

"सांगन्यासारखं काय हाय त्येच्यात? सकाळी भाकरी आनि टाकळा. दुपारी भात, वरान, शेवग्याच्या पाल्याची भाजी. रातचं पेज, आनि उरलेला टाकळा. कंदी भारंगीचा पाला, कंदी कुरडूचा. सोमवारी आळूचं फदफदं."

"आणि मासळी?"

"सरावनात? बाय, नवस हाय माजा. ह्येंना बरं वाटू दे, सबंध सरावन सुकट पन शिवनार नाय म्हनून. पाळताव आमी दोगं पन." मग तिने आवाज खाली आणला. "आनि शेवग्याच्या पाल्यानं रक्त वाडतं म्हनतात नव्हं? आपरेशनात लय रक्त गेलं ह्येंचं. म्हनून मी जास्तीचा वाडते. आज पन आनलाय."

तिने डबा उघडून दाखवला. खालच्या पुडात भात, वरच्यात गच्च भरलेला हिरवागार पाला.

दादा दाखल होऊन चार दिवस झाले होते. नर्सने ताप घेतला होता, बीपी घेतलं होतं, लघवी किती झाली ते लिहिलं होतं. रोज दोन वेळा हा डबा त्यांच्यासमोरून गेला होता. डब्यात काय आहे ते कोणी बघितलं नव्हतं, कारण डब्यात काय असणार ते सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांच्या घरी तेच होतं.

मुग्धा माझ्याकडे बघून हसली. मला तिला मिठी मारावीशी वाटली. पण वहिनी समोर होती आणि तिला अजून काहीच कळलं नव्हतं.

कार्डावर नाव नसलं तरी टाकळा, शेवगा हाही पालाच आणि तोच गोळीच्या आड येतोय, हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "म्हंजे मीच ह्येंना..." एवढंच म्हणाली आणि डब्याचं झाकण लावायला लागली. ते तिला लागेना.

मी तिच्या हातातून डबा घेतला. "वहिनी, तुम्ही वर्षभर एक गोळी चुकू दिली नाहीत, म्हणून तर हे सापडलं. गोळ्या चुकल्या असत्या तर आम्ही तिथेच थांबलो असतो आणि पाल्यापर्यंत पोचलोच नसतो."

"पन आता पाला बंद केला तर रक्त कमी व्हनार नाय?"

"रक्त किती आहे ते दादांच्या दुसऱ्या रिपोर्टात आहे," मुग्धा म्हणाली. "छान आहे. माझ्यापेक्षा चांगलं."

"आनि नवस? मासळी खा म्हनाल तर मी नाय ऐकनार हां."

"नवस मोडायचा नाही. भेंडी घाला, पडवळ घाला, दोडकं, कुळथाची पिठी, मूग. पाला एकदम बंदही करायचा नाही. आठवड्यातले दोन वार ठरवा, त्या दिवशी एक वाटी. मग तो श्रावण असो नाहीतर शिमगा, वाटी तेवढीच."

वहिनीने बोटांवर मोजत मंगळवार आणि शुक्रवार ठरवले. मग दादांना विचारायला वर गेली. त्यांचं उत्तर जिन्यापर्यंत ऐकू आलं. "आगो, म्हयनाभर टाकळा खाऊन मी बांधावरचा बैल झालो होतो! नवस तुजा म्हनून बोललो नाय!"

आता डॉक्टर. मुग्धा पुढे, मी मागे. केबिनमध्ये तिने थोडक्यात सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"टाकळा? अहो, मी टाकळ्यावर वाढलोय."

"तुमच्या हृदयात झडप नाही, सर."

डॉक्टरांनी आकड्यांचा कागद हातात घेतला आणि एकेक आकडा तारखेशी ताडून बघितला. माणूस तापट आहे, पण डोकं लख्ख आहे. समोर पुरावा ठेवला की वाद घालत नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पाला बंद. डोस आहे तो ठेवू. आकडा येईल वर."

"नको, सर," मुग्धा म्हणाली. "डोस तुम्ही दोनदा वाढवलाय, तो पाल्याशी झुंजायला. आता पाला गेला आणि डोस तोच राहिला तर आकडा नुसता वर येणार नाही, उसळेल. आणि हे गणपतीत मृदंग वाजवणार. तळहातात रक्त साकळेल, ते वरून दिसेल तरी. आत कुठे झालं तर दिसणारही नाही."

डॉक्टरांनी चष्मा परत चढवला.

"मग काय म्हणणं आहे?"

"डोस हळूहळू जुन्यावर आणायचा. आकडा हद्दीत येईपर्यंत इंजेक्शन चालू ठेवायचं. आय.एन.आर. रोज करायचा. जेवणात पाला ठरलेलाच. जुन्या डोसवर ते वर्षभर नीट होते, परत होतील."

"आणि नाही झाले तर?"

"तर सोमवारी मुंबई. त्यात माझं काही म्हणणं नाही."

डॉक्टरांनी केसपेपर ओढला आणि डोस बदलून सही केली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, मागे ते दोन औषधांचं तुम्ही मला सांगितलं होतं, डायबेटिसच्या आजींचं. तेही हिचंच का?"

"हो, सर."

"बरं," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

गुरुवारी आकडा हलला नाही. शुक्रवारी जरासा हलला. शुक्रवार पाल्याचा वार होता, वहिनी वाटी घेऊन खिडकीशी आली आणि आत ठेवून म्हणाली, "बगून घे बाय, जास्त नाय ना?" शनिवारी दोनच्या वर गेला. रविवारी मी सुट्टी असून हॉस्पिटलात आले. घरच्यांना सांगितलं की स्टॉक तपासायचाय. येऊन बघते तर प्रमोद आधीच हजर. त्याचीही सुट्टी होती. "मी सहज," म्हणाला. मुग्धा तर होतीच.

सोमवारी सकाळी मुंबईला न्यायची गाडी सांगून ठेवलेली होती. दादांचा मुलगा मुंबईहून तासातासाला फोन करत होता, मी येऊ की इकडेच थांबू. वहिनी वॉर्डाच्या दारात बसून तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होती. लॅबचा मुलगा कागद घेऊन आला तो सरळ डॉक्टरांकडे न जाता आमच्या खिडकीशी. हॉस्पिटलात आता ही केस सगळ्यांची झाली होती.

"दोन पूर्णांक सात."

प्रमोदने काउंटरवर असा हात मारला की खोकल्याच्या बाटल्या खणखणल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला ते लपवावंसं वाटलं नाही. इतकी वर्षं मी चांगल्या गोळ्या बाहेर पाठवल्या, पण एखादी गोळी माझ्या डोळ्यांदेखत कामाला लागलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

मुग्धा मात्र कागद दोनदा वाचून म्हणाली, "उद्या परत करूया. एका आकड्यावर विश्वास नको."

मंगळवारी दोन पूर्णांक आठ. गाडी परत पाठवली. पोटातलं इंजेक्शन बंद झालं, दादा घरी गेले. जाताना त्यांनी डॉक्टरांना नमस्कार केला, मला केला, मुग्धाच्या मात्र डोक्यावर हात ठेवला. प्रमोदला म्हणाले, "पोरा, तुजी गोळी चांगली हाय रे." प्रमोद त्या वाक्यावर अजून जगतोय.

गौरीच्या दिवशी दुपारी आम्ही तिघं त्यांच्या वाडीत गेलो. अंगणात घोळका होता. मुंबईची माणसं कडक इस्त्रीच्या शर्टात, पोरांच्या पायात चाळ, आणि मधोमध गंगारामदादा मांडीवर मृदंग घेऊन. मान डोलत होती, डोळे अर्धवट मिटलेले. पोरं दमली तरी हा माणूस थांबेना. शेवटी मुग्धाच पुढे गेली, मृदंगावर हात ठेवला आणि म्हणाली, "दादा, तळवे."

त्यांनी तळवे पुढे केले. लाल झाले होते, पण कुठे निळं-काळं नव्हतं. सगळं अंगण बघत होतं.

"बघितलंस?" दादा म्हणाले. "आता वाजवू?"

"वाजवा. पण मधे मधे थांबा."

"थांबतो," म्हणाले, आणि थांबले नाहीत.

माझ्या शेजारी दादांचे चुलतभाऊ उभे होते. मुंबईत एका कंपनीत फोरमन. त्यांची मुलगी बारावीला होती आणि तिला फार्मसीला जायचं होतं. मुग्धाकडे बघत त्यांनी मला हळूच विचारलं, "मॅडम, ह्या डॉक्टर, का औषधवाल्या?"

"औषधवाल्या. सहा वर्षं शिकलेल्या."

"सहा वर्सं?" त्यांना ते जास्तच वाटलं. "मेडिकल टाकायला दोन वर्सं पुरतात ना?"

"पुरतात. दुकानाला दोन, कंपनीत जायचं तर चार, संशोधन नाहीतर शिकवायचं असेल तर आणखी दोन-चार. मुलीला काय करायचंय त्यावर ठरवा. कुठलंच वाया जात नाही."

"आनि सहा वर्सं शिकून ह्यांनी गंगारामला केलं काय? वयनी सांगत होती, नुसतं काय जेवलास इचारलं म्हनून."

"हो, तेवढंच केलं," मी म्हटलं. "'पालक-मेथी खाता का' असं विचारलं तेव्हा वहिनी 'नाय' म्हणाली होती. तसं विचारणारे आम्ही पुष्कळ होतो. 'काय जेवलात' असं विचारून गप्प बसायचं, आणि समोरचा सांगेल ते शेवटपर्यंत ऐकायचं. यालाच सहा वर्षं लागतात."

तेवढ्यात नाचाचा नवा फेर सुरू झाला आणि पुढचं बोलणं मृदंगात बुडालं.

मुग्धाची नोकरी कायम झाली. ऑफिसात तिच्या हुद्द्याचं काय लिहायचं यावर दोन दिवस घोळ चालला, शेवटी 'क्लिनिकल फार्मसिस्ट' लिहिलं. हल्ली दाखल होणाऱ्या प्रत्येक पेशंटचा डबा ती एकदा उघडून बघते. नातेवाइकांना आधी राग येतो, मग ते स्वतःच आणून दाखवतात. मला अजून कोणी विचारलं की फार्मसीत कुठली डिग्री चांगली, तर मी म्हणते, जिला पेशंटच्या डब्यात डोकावायची लाज वाटत नाही ती.